शिलाईच्या एका लाइनचा हिशोब आणि देशाची वाढ

प्रश्न थोडक्यात असा: कोरिया, बांगलादेश, व्हिएतनाम हे देश कारखानदारीच्या जोरावर वर आले असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण कारखान्यातून वाढ नेमकी येते कुठून? मजुरी स्वस्त असणं पुरेसं आहे का? आणि असेल, तर आपल्याकडे तालुक्याच्या एमआयडीसीत शेड बांधून पन्नास मशिनं बसवली तरी दोन वर्षांत तिथे कुलूप का लागतं?

उत्तर तयार कपड्यांच्या धंद्यावरून देतो. गरीब देश कारखानदारीत बहुधा याच दारातून शिरतात, आणि यातली प्रत्येक गोष्ट घड्याळ लावून मोजता येते. मुख्य उदाहरण बांगलादेशचं घेऊ.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मजुरी स्वस्त असली की खरेदीदार दारात येतो. तो टिकतो मात्र मिनिटांवर आणि दिवसांवर. मिनिटं म्हणजे एक पीस शिवायला प्रत्यक्ष लागणारा वेळ. दिवस म्हणजे ऑर्डर हातात पडल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंतचा काळ. मिनिटं कारखान्याला कमी करता येतात. दिवस कमी करणं सरकार, बँक आणि बंदर यांच्या हातात असतं. जिथे दोन्ही बाजू एकाच वेळी हलल्या तिथे वाढ झाली. जिथे एकच हलली तिथे शेड उभ्या राहिल्या आणि रिकाम्या झाल्या.

आधी मिनिटं. साधा गोल गळ्याचा टी-शर्ट घ्या. खांदा जोडणं, गळ्याची रिब लावणं, मागच्या गळ्याला टेप, बाह्या, साइड सीम, बाहीची आणि खालची घडी, लेबल, धागे कापणं, चेकिंग. या सगळ्याचा मिळून प्रमाणित वेळ, ज्याला फ्लोअरवर 'सॅम' म्हणतात, साधारण 6 मिनिटं धरू. लाइनवर ऑपरेटर आणि हेल्पर मिळून 30 जणी, पाळी 480 मिनिटांची. म्हणजे मालकाने दिवसाला 14,400 मिनिटं विकत घेतली. शंभर टक्के कार्यक्षमतेला 2,400 पीस निघायला हवेत. नव्या युनिटमध्ये 35 टक्के मिळाली तर 840 निघतात. बऱ्यापैकी बसलेल्या लाइनवर 65 टक्के मिळते, म्हणजे 1,560.

आता पगार. हिशोबासाठी माणशी महिन्याला सगळं धरून 15,000 रुपये आणि 26 दिवस धरले, तर एक मिनिट 1 रुपया 20 पैशांना पडतं. 35 टक्क्यांवर एका टी-शर्टची शिलाई मजुरी 20 रुपये 60 पैसे होते, 65 टक्क्यांवर 11 रुपये 10 पैसे. पहिल्या युनिटला केवळ पगार कापून दुसऱ्याची बरोबरी करायची असेल तर 15,000 चे 8,077 करावे लागतील. त्या पैशांत कोणी कामाला येणार नाही, आणि आलं तर टिकणार नाही.

हाच हिशोब उलटा वाचा, कारण वाढीचं उत्तर तिथेच आहे. तीच बाई, तेच मशीन, तोच टी-शर्ट. कार्यक्षमता 35 वरून 65 वर गेली आणि मालकाने पगार दीडपट, म्हणजे 22,500 केला, तरी पीसची मजुरी 16 रुपये 60 पैसेच पडते. पगारही वाढला आणि वस्तूही स्वस्त झाली. शेतीत ही सोय फार थोडी असते, कारण जमीन तेवढीच राहते आणि पावसाळा वर्षातून एकदाच येतो. गावातल्या हॉटेलला किंवा दुकानालाही ती नसते, कारण गिऱ्हाइकाचा खिसा गावापुरताच. कारखाना बाहेरच्या खिशाला विकतो, आणि तेच काम दिवसाला हजार वेळा होत असल्यामुळे शिकण्याची गती शेतापेक्षा कितीतरी जास्त असते. अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी 1966 मध्ये कारखानदारीला वाढीचं इंजिन म्हटलं ते याच अर्थाने. पुढे अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी अनेक देशांचे आकडे मांडून दाखवलं की संघटित कारखानदारीत गरीब देशांची कामगारामागची उत्पादकता श्रीमंत देशांच्या जवळ सरकत जाते, देशाचं बाकीचं सगळं नीट नसलं तरी. संपूर्ण अर्थव्यवस्थेत तसं आपोआप होत नाही. तंत्र मशिनीबरोबर आणि खरेदीदाराच्या तपासनिसाबरोबर कारखान्यात येतं, म्हणून ते घडतं.

पण 35 चे 65 होतात कसे? "मुलींना ट्रेनिंग द्या" हे उत्तर अर्धवट आहे. नव्या लाइनवर वेळ हात हळू चालण्यात जातो त्यापेक्षा हात रिकामे राहण्यात जास्त जातो. बंडल आलं नाही, सुई मोडली, ओव्हरलॉकचा (तुकड्यांच्या कडा जोडणाऱ्या मशीनचा) लूपर टायमिंगमधून गेला आणि मेकॅनिक दुसऱ्या टोकाला आहे, मागचा पीस अल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत आला.

सगळ्यात मोठी गळती बॅलन्सिंगची, म्हणजे मशिनांमध्ये काम सारखं न वाटण्याची. समजा साइड सीमला 0.9 मिनिट लागतं आणि तिथे तीन ओव्हरलॉक लावली आहेत. तिघींनी पाळीभर एक मिनिटही न थांबता काम केलं तरी 3 × 480 ÷ 0.9, म्हणजे 1,600 पीस निघतील. पुढच्या-मागच्या 27 जणी कितीही वेगवान असल्या तरी लाइन त्यावर जाणार नाही. तुम्हाला 1,560 हवे असतील तर त्या तिघींना साडेसत्त्याण्णव टक्क्यांवर चालावं लागेल, जे महिनाभर कोणाच्याही हातून होत नाही. चौथं मशीन लावलं की त्याच 1,560 ला प्रत्येकीकडून 73 टक्केच लागतात. हे सुपरवायझरला दिसत नाही, कारण त्याला मशीनपुढे साठलेला ढीग दिसतो आणि तो बाईवर ओरडतो. म्हणून तासाचा बोर्ड लागतो: दर तासाला प्रत्येक अडणाऱ्या ठिकाणी किती पीस गेले ते खडूने लिहायचं. खर्च शून्य, आणि पहिल्या पंधरा दिवसांत यापेक्षा जास्त फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही.

दुसरी गळती अल्टरची. होजिअरीला, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला, बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लागते, टी-शर्टला बहुधा 75/11. टोकदार सुई लावली तर ती सुताची फास बाजूला सारत नाही, तोडते. पीस शिवताना ठीक दिसतो, धुतल्यावर शिलाईच्या कडेने भोकं पडतात, आणि ते कळतं माल पॅक झाल्यावर. खरेदीदाराची शेवटची तपासणी ठरलेल्या तक्त्याने होते: 1,201 ते 3,200 पीसच्या लॉटमधून 125 पीस काढतात आणि दोषांच्या 2.5 या मान्य पातळीला 7 दोषी पिसांपर्यंत लॉट पास होतो. आठवा सापडला की सगळा लॉट उघडून पुन्हा तपासायचा. ते काम लाइनमधल्याच माणसांना करावं लागतं, म्हणजे त्या दिवसाची शिलाई गेली.

कापडाकडे मात्र नवे मालक मजुरीपेक्षा कमी लक्ष देतात, आणि तिथेच पैसा जास्त असतो. मध्यम मापाच्या 160 जीएसएमच्या (चौरस मीटरला 160 ग्रॅम कापडाच्या) टी-शर्टला वाया जाणारं धरून साधारण 200 ग्रॅम कापड लागतं. किलोला 450 रुपये धरले तर 90 रुपये, शिलाई मजुरीच्या आठपट. कटिंगला 3 टक्के जास्त गेलं तर 2 रुपये 70 पैसे गेले, म्हणजे 65 टक्क्यांवरच्या मजुरीचा जवळजवळ चौथा हिस्सा. ते जातं कसं? विणलेलं होजिअरी कापड रोलमध्ये ताणलेलं असतं. ते उघडून किमान 24 तास सैल पडू द्यावं लागतं, लायक्रा असेल तर त्याहून जास्त. घाईत रोलवरूनच लेयर पसरला तर कापल्यावर तुकडे आखडतात, शिवून झाल्यावर लांबी दोन सेंटिमीटर कमी भरते, आणि मापात नापास. म्हणून प्रत्येक डाइंग लॉटमधून 50 बाय 50 सेंटिमीटरचा तुकडा धुऊन किती आखडतो ते आधी मोजायचं आणि पॅटर्नमध्ये तेवढं वाढवायचं. शिवाय तुकड्यांना नंबर टाकायचे, नाहीतर एका लॉटची बाही दुसऱ्या लॉटच्या अंगाला लागते आणि उजेडात रंगाचा फरक दिसतो.

आता ज्याचा अर्थशास्त्राच्या चर्चेत फारसा उल्लेख होत नाही ते: ऑर्डरचा आकार. नवीन स्टाइल लाइनवर चढली की पहिल्या दिवशी चांगली लाइनसुद्धा 20–25 टक्क्यांवर येते आणि आठवडाभराने पूर्ववत होते. ऑर्डर 5,000 पिसांची असेल तर लाइन बसेपर्यंत ऑर्डर संपते. एक लाख पिसांची असेल तर आठवडेच्या आठवडे लाइन 65 वर चालते. म्हणजे लहान युनिट मंद असतं ते मालक आळशी असतो म्हणून नाही, त्याला लहान ऑर्डरच मिळतात म्हणून. आणि मोठी ऑर्डर लहान युनिटला मिळत नाही, कारण खरेदीदाराला एकाच रंगाचा माल एका जहाजात हवा असतो.

आपल्याकडे हा आकारच धोरणाने अडवला. मुंबईच्या गिरण्यांची मागांची संख्या 1956 मध्ये गोठवली गेली. हातमाग वाचवणं हा हेतू होता, पण जागा भरली यंत्रमागाने: भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये आला होता, म्हणजे गावाकडे कसब जुनं होतं. तरीही साधा धोट्याचा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक, म्हणजे आडवे धागे, टाकतो, हवेच्या झोतावर चालणारा एअरजेट सहाशे-आठशे. चार-आठ साधे माग घेऊन मजुरीवर कापड विणणारा खर्चीवाला माणूस एअरजेट घेऊ शकत नाही, कारण सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याच्याकडे फक्त मीटरमागची मजुरी. तयार कपडे तर लघुउद्योगांसाठी राखीवच होते. मागावरच्या (शर्ट-पँटच्या) कापडाचे कपडे 2000 च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर मोकळे झाले, होजिअरी त्यानंतर काही वर्षांनी. कोणत्या देशाने श्रीमंत देशांना किती कपडे विकायचे याची मर्यादा घालणारी जगातली कोटापद्धत 1 जानेवारी 2005 ला संपली. ज्या पंचवीस वर्षांत ढाका आणि चितगावमध्ये हजार-दोन हजार माणसांचे कारखाने शिकत होते, त्या काळात आपण कारखाना लहान ठेवल्याबद्दल सवलत देत होतो. गिरणगावातल्या 18 जानेवारी 1982 च्या संपाची चर्चा खूप होते, आणि त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगारांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली म्हणून ती व्हायलाच हवी. पण गिरण्यांची वाढ त्याच्या पाव शतक आधीच थांबवली गेली होती, हे त्या चर्चेत यायला हवं.

आता दिवसांकडे. वरची लाइन महिन्याला 1,560 × 26, म्हणजे 40,560 पीस काढते. कापडाचे 36 लाख 50 हजार. कापडाचे पैसे आधी द्यायचे, ते यायला, शिवायला, जहाजाला आणि खरेदीदाराकडून पैसे यायला मिळून चार महिने लागले तर 1 कोटी 46 लाख रुपये नुसते कापडात अडकले. मशिनांची किंमत याच्यापुढे लहान वाटते. 12 टक्के व्याजाने पीसमागे साडेतीन रुपयांच्या वर खर्च बसतो, शिलाई मजुरीच्या सुमारे एक तृतीयांश. तालुक्यातल्या युनिटला कुलूप लागतं ते बहुतेक वेळा इथे. काम असतं, माणसं असतात, आणि पुढच्या लॉटचं कापड आणायला पैसे नसतात.

बांगलादेशने हे कोडं दोन कागदांनी सोडवलं, आणि माझ्या मते स्वस्त मजुरीपेक्षा या दोन कागदांचं श्रेय मोठं आहे. पहिला, बॅक-टू-बॅक एलसी. एलसी म्हणजे माल पाठवल्याच्या कागदांवर पैसे देण्याची बँकेची हमी. परदेशी खरेदीदाराचं मूळ एलसी तारण ठेवून बँक त्याच्याच पोटात कापड पुरवणाऱ्याच्या नावे दुसरं एलसी काढते, साधारण मूळ रकमेच्या तीन चतुर्थांशापर्यंत, आणि पुरवठादाराचे पैसे तीन-चार महिन्यांनी देणं लागतं. तोपर्यंत माल जाऊन पैसे आलेले असतात. मालकाच्या खिशातून कापडाला जवळजवळ काही जात नाही. दुसरा, बाँडेड गोदाम. निर्यातीसाठी आणलेलं कापड, बटणं, चेन यांवर आयात शुल्क भरायचंच नाही. माल कारखान्यातल्या बाँडमध्ये ठेवायचा, किती कापडातून किती पीस गेले याचा दाखला निर्यातदारांच्या संघटनेकडून घ्यायचा आणि हिशोब मिटवायचा. बाँडचं कापड चोरून देशातल्या बाजारात विकलं जातं ही तक्रार तिथे कायमची आहे, आणि स्थानिक कापडवाल्यांचं त्यात नुकसान होतं. तरी "आधी शुल्क भरा, मग परतावा मागा" यापेक्षा हे लहान कारखान्याला कितीतरी सोपं. आपल्याकडेही शुल्कमुक्त आयातीची परवाना योजना आहे, पण लहान युनिट बहुधा परताव्याच्या रांगेत असतं. आणि कृत्रिम धाग्याच्या बाबतीत 2017 पासून तंतूवर 18, सुतावर 12 आणि कापडावर 5 टक्के जीएसटी असा उलटा जिना होता. तो सप्टेंबर 2025 मध्ये सरळ झाला. जगात मागणी कृत्रिम धाग्याच्या कपड्यांची वाढत असताना आपण इतकी वर्षं त्याच साखळीत कारखानदाराचं खेळतं भांडवल अडकवून ठेवलं.

बांगलादेशात हे सुचलं कुणाला, ही गोष्ट सांगितली पाहिजे. निवृत्त सनदी अधिकारी नूरुल कादर यांनी देश गारमेंट्स ही कंपनी काढली आणि 1978 मध्ये कोरियाच्या देवू या कंपनीशी करार केला. बहुतंतू करारामुळे 1974 पासून कोरियाच्या कपड्यांवर अमेरिका-युरोपात कोटा होता, बांगलादेशावर नव्हता. म्हणून देवूला इथे रस. 1979 मध्ये 130 जणांना बुसानच्या कारखान्यात प्रशिक्षणासाठी पाठवलं. कटिंग, शिलाई, क्वालिटी, मर्चंडायझिंग, मशीन दुरुस्ती, सगळ्या विभागांचे लोक त्यात होते. 1980 मध्ये चितगावजवळ काळुरघाटला उत्पादन सुरू झालं. बॅक-टू-बॅक एलसी आणि बाँडची कल्पना कोरियाच्या अनुभवातून इथे आली.

पुढच्या काही वर्षांत त्या 130 पैकी 115 जण देश सोडून गेले. म्हणजे देश नावाची कंपनी सोडून. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कंपनीच्या दृष्टीने हा तोटा, देशाच्या दृष्टीने याहून चांगलं काहीच घडलं नसतं. कारखानदारीला सरकारी मदत द्यावी की नाही, या वादातला माझ्या दृष्टीने सगळ्यात बळकट मुद्दा हाच. प्रशिक्षणाचा खर्च एक मालक करतो आणि फळ शंभर मालकांना मिळतं, म्हणून कोणताही एक मालक पुरेसा खर्च करत नाही. तिथे सार्वजनिक पैसा घालणं योग्य आहे. शेडला अनुदान देणं त्याच्या तुलनेत फार कमी उपयोगाचं, कारण शेड कुठे उडून जात नाही आणि दुसऱ्याला काही शिकवतही नाही. आज त्या धंद्यात सुमारे 40 लाख लोक आहेत आणि बांगलादेशच्या निर्यातीतला 80 टक्क्यांहून अधिक वाटा त्याचा आहे.

कोरियाने मदतीला अट जोडली होती, ती विसरू नये. 30 नोव्हेंबर 1964 ला त्यांची वर्षाची निर्यात 10 कोटी डॉलरवर गेली, 1977 मध्ये 1,000 कोटी डॉलरवर. त्या काळात राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः दर महिन्याला निर्यातीची बैठक घेत. स्वस्त कर्ज निर्यातीच्या एलसीवर मिळे. माल बाहेर गेला नाही की कर्ज आटलं. ती हुकूमशाही होती, कामगारांवर तिने अन्याय केला, आणि त्याचं समर्थन मी करत नाही. पण परदेशी गिऱ्हाइकाने माल घेतला की नाही, ही कसोटी अशी आहे की ती मंत्र्याच्या ओळखीने पास होत नाही. आपण संरक्षण दिलं ते देशांतर्गत बाजारात, अटीशिवाय.

फसलेलं उदाहरण इथिओपियाचं. हवासा औद्योगिक पार्क चिनी कंत्राटदाराने नऊ महिन्यांत बांधला, जुलै 2016 मध्ये उद्घाटन झालं. शेड उत्तम, सांडपाण्याची व्यवस्था उत्तम, जगातले मोठे खरेदीदार आले. सुरुवातीची मूळ मजुरी महिना 26 डॉलर, जगात जवळजवळ सगळ्यात कमी. आणि पहिल्या वर्षात कामगारांची गळती शंभर टक्क्यांच्या आसपास. खेड्यांतून आलेल्या मुलींना शहरात खोलीचं भाडं आणि जेवण त्या पगारात भागत नव्हतं. नवीन मुलगी साठ टक्क्यांवर यायला तीन महिने लागतात. ती पाच महिन्यांत गेली तर मालकाला दोनच महिने काम मिळालं, आणि कारखान्याची कार्यक्षमता खालीच अडकली. वरचा हिशोब पुन्हा लावा: इतक्या स्वस्त मजुरीचा पीससुद्धा स्वस्त पडत नाही. त्यात समुद्र नाही, माल जिबूतीवरून. मग तिग्रे प्रांतातल्या युद्धामुळे अमेरिकेने 1 जानेवारी 2022 पासून शुल्कमुक्त प्रवेश काढून घेतला आणि मुख्य खरेदीदार त्याच्या आधीच निघून गेला. ज्या खोल्या, बस आणि जेवण यांना 'कल्याणकारी खर्च' म्हणतात, तो खरं म्हणजे उत्पादनखर्च आहे.

बांगलादेशने हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळच्या सावरची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. तांत्रिक कारणं साधी होती: परवानगीपेक्षा जास्त मजले, दुकानांसाठी बांधलेल्या इमारतीत कारखाने, वरच्या मजल्यांवर जनरेटर, जमिनीवर रचलेल्या कापडाचं वजन. आदल्या दिवशी भेगा पडल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, शिलाईच्या मुलींना मात्र कामावर बोलावलं. शिपमेंटची तारीख हुकली असती ना! दिवसांचा ताण कसा माणसांवर उतरतो, याचं याहून भयंकर उदाहरण नाही. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायदेशीर बंधन असलेला करार झाला, इमारती, वायरिंग आणि जिने तपासले गेले. किमान वेतन 2010 मध्ये 3,000 टका होतं, 2013 मध्ये 5,300 झालं, डिसेंबर 2023 पासून 12,500. महागाई वजा केली तर वाढ दिसते तेवढी नाही. पण मजुरी वाढली की धंदा पळून जाईल ही भीती मात्र खरी ठरली नाही, कारण तोपर्यंत मिनिटं आणि दिवस दोन्ही कमी झाले होते.

पुढची पायरी मात्र जास्त उंच आहे. शिलाईला माणूस आणि मशीन पुरतं. सूत, विणाई आणि विशेषतः रंगाईला वीज, गॅस, पाणी आणि सांडपाणी लागतं. बांगलादेशात होजिअरीचं बहुतेक सूत आणि कापड देशातच होतं, कारण गोल विणमाग स्वस्त आणि गॅस स्वस्त होता. शर्ट-पँटचं कापड अजून मोठ्या प्रमाणात बाहेरून येतं. म्हणून एक डॉलरच्या निर्यातीत देशात किती राहिलं हे टी-शर्ट आणि शर्ट यांच्यात खूप वेगळं असतं. निर्यातीचे मोठे आकडे पाहताना हे नेहमी विचारावं. व्हिएतनामच्या मोबाइल फोनलाही हाच प्रश्न लागू आहे. रंगाईचं पाणी सोडून देऊन स्वस्ताई करता येते, पण ती काही काळापुरती. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांना जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने टाळं लागलं, कारण नोय्यल नदी मेली होती. मग शून्य विसर्गाची, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडणारी, यंत्रणा बसवावीच लागली. पंचगंगेकाठच्या लोकांना हे सांगायला नको.

यंत्रमानव येतील आणि हे दार बंद होईल का? शिलाईत तितकं सोपं नाही. पत्रा आहे तिथे राहतो, कापड लोळतं, ताणतं, गुंडाळतं. कटिंग, पसरणं, खिसा लावणं ही कामं यंत्राकडे चालली आहेत, बाह्या जोडणं अजून हातात आहे. तरी आज जे देश कारखानदारीत शिरतात त्यांच्या कारखान्यांतल्या रोजगाराचा वाटा पूर्वीच्या देशांपेक्षा कमी उत्पन्नावरच उतरणीला लागतो, हे आकड्यांत दिसतं. दार अरुंद झालं आहे. घाई करायला हवी, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

राहिला तालुक्याचा प्रश्न. युनिट टाकायच्या आधी एका स्टाइल-कुटुंबाची, म्हणजे फक्त टी-शर्ट किंवा फक्त शाळेचे गणवेश, अशी किमान सहा महिन्यांची ऑर्डर कुणाकडून येणार हे कागदावर घ्या. रोज नवी स्टाइल घेणारं लहान युनिट 35 च्या वर जात नाही. पहिलं वर्ष कापड विकत घेऊ नका. मोठ्या कारखान्याचे कापलेले तुकडे आणून जॉबवर्क करा, म्हणजे कोटभर रुपये अडकणार नाहीत, आणि कराराच्या कागदावर पैसे किती दिवसांत मिळणार ते लिहून घ्या. मशिनं स्टाइलच्या ऑपरेशनवरून मोजा, पन्नास हा गोल आकडा पाहून नाही. वर दोन ओव्हरलॉक आणि एक फ्लॅटलॉक जादा ठेवा. मेकॅनिक पहिल्या दिवसापासून पगारावर हवा, फोनवरचा चालत नाही. आठवड्याला ठरलेला भारनियमनाचा दिवस असेल तर सुट्टी त्या दिवशी द्या. गावांतून येणाऱ्या बायकांसाठी बसची वेळ पाळीशी जुळवा आणि पाळणाघर सुरू करा. तीन महिन्यांनी बाई सोडून जाते ती बहुतेक वेळा या दोन कारणांनी, आणि ती जाते तेव्हा तिच्याबरोबर तुमचे तीन महिने जातात.

बोर्डावर पहिल्या महिन्याचं लक्ष्य 20 टक्के लिहा, तिसऱ्याचं 40, सहाव्याचं 50. सहाव्या महिन्यात आकडा 35 वरच असेल तर नवीन मशीन घेऊ नका, कुणाला काढू नका. तीन दिवस नुसते अल्टरचे पीस मोजा, आणि ते कोणत्या मशीनवरून परत येतात ते लिहा.